भोगीचं गाजर दसऱ्याला पेरायचं

पुरंदर तालुक्यात, सासवड-जेजुरीच्या पट्ट्यात, एक एकरावर आम्ही चाळीस कुटुंबांसाठी भाजी पिकवतो. कुटुंबं पुण्यात, शेत दिवे घाटाच्या वर. चार महिन्यांचे पैसे हंगामाच्या सुरुवातीला येतात आणि दर आठवड्याला प्रत्येक घरी पाच-सहा किलो भाजीची कापडी पिशवी जाते. पिशवीला सगळे टोपलीच म्हणतात. नव्याने असं शेत सुरू करणारे विचारतात की दर आठवड्याला सात-आठ प्रकारच्या भाज्या जमवता कशा. उत्तर एका वाक्याचं आहे, अंगवळणी पडायला मात्र दोन-तीन हंगाम जातात: पेरणीची तारीख जमीन बघून नाही, खाण्याच्या तारखेपासून मागे मोजून ठरवायची.

चाळीस घरांना एकेक गड्डी मेथी द्यायची म्हणजे पाव किलोच्या हिशोबाने दहा किलो मेथी. आमचे गादीवाफे तीन फूट रुंद, चाळीस फूट लांब, मध्ये दीड फुटाची वाट. असा एक वाफा नीट उगवला की चाळीस गड्ड्या देतो. त्याला सत्तर-ऐंशी ग्रॅम बी लागतं. ऑक्टोबरात मेथी पंचवीस दिवसांत उपटायला येते, तीच डिसेंबरच्या थंडीत बत्तीस-पस्तीस दिवस घेते. म्हणून ऑक्टोबरात दर आठवड्याला एक वाफा पेरत गेलो की मेथी दर आठवड्याला मिळते, पण नोव्हेंबरच्या अखेरीस तीच चाल ठेवली तर डिसेंबरच्या शेवटी एक आठवडा कोरडा जातो. त्यावर उपाय असा की नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एकाच वेळी दोन वाफे पेरायचे. त्यातला एक मुद्दाम पाच-सहा दिवस उशिरा काढायचा. थंडीत मेथी लगेच निबर होत नाही, त्यामुळे तेवढी सवलत पीकच देतं.

भेंडीचा हिशोब वेगळा, कारण ती एकदा काढून संपत नाही. घरटी तीनशे ग्रॅम धरले तर आठवड्याला बारा किलो. रासायनिक खत न घालता एका झाडाकडून आठवड्याला तीस-पस्तीस ग्रॅमच धरावेत, म्हणजे साडेतीनशे झाडं. मर आणि हळद्या हे रोग आणि मोरांचं नुकसान धरून आम्ही चारशे लावतो, म्हणजे एका वाफ्यावर दोन ओळी आणि एक फूट अंतर धरून पाच वाफे. पहिला तोडा पेरणीनंतर पंचेचाळीस ते पन्नास दिवसांनी. झाड आठ आठवडे बरं चालतं, नंतर फळ लवकर जून होतं. म्हणून पहिला तोडा सुरू होतो त्याच आठवड्यात पुढची पेरणी जमिनीत पडलेली असावी लागते. ती विसरली की दोन महिन्यांनी टोपलीत भोक पडतं आणि त्या दिवशी काहीही केलं तरी ते बुजत नाही.

टोमॅटोची दीडशे झाडं, वांग्याची एकशे साठ, वेलवर्गीय प्रत्येक भाजीचे चाळीस-पन्नास वेल, कोबीची दर दहा दिवसांनी पन्नास रोपं. आमच्या चाळीस घरांचा हा आकडा आहे. पंचवीस गुंठ्यांत एकशे वीस वाफे बसतात, म्हणजे एका कुटुंबामागे तीन. उरलेल्या पंधरा गुंठ्यांत मांडव, रोपवाटिका, खताचे खड्डे, शेवगा, लिंबू, कढीपत्ता आणि भाजी निवडायची शेड.

मागे मोजताना आमच्या हाताशी दोन कालदर्शिका असतात, कारण पुण्यातल्या घरांमध्ये भाजी सणाप्रमाणे खाल्ली जाते. भोगी १३ जानेवारीच्या आसपास येते, फारशी हलत नाही, कारण ती सूर्याच्या संक्रमणाला बांधलेली आहे. भोगीच्या भाजीला गाजर, वांगी, पावटा किंवा वाल, ओला हरभरा, घेवडा हवा. देशी गाजर नव्वद-पंच्याण्णव दिवसांचं, म्हणजे १० ऑक्टोबरच्या आत पेरलेलं असावं, साधारण दसऱ्याच्या आसपास. हरभरा त्याच आठवड्यात. पावटा मात्र ऑगस्टमध्येच पेरून मांडवावर चढवलेला असायला हवा, कारण दिवस लहान झाल्यावरच तो फुलतो आणि तोपर्यंत वेल अंगाने भरलेला असला तरच शेंगा पुरतात.

ऋषिपंचमी याच्या उलट, दरवर्षी जागा बदलते. २०२५ साली ती २८ ऑगस्टला होती. २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्यामुळे १५ सप्टेंबरला येते. अठरा दिवसांचा फरक. ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं चालत नाही. आमचे वाफे कुदळी-खोऱ्यानेच होतात, त्यामुळे सभासदांना त्या आठवड्याची टोपली विशेष हवी असते. अळू, लाल माठ, पडवळ, दोडका, भेंडी, मक्याचं कणीस, काकडी, लाल भोपळा, सुरण. कोवळं कणीस पंच्याहत्तर ते ऐंशी दिवसांचं, म्हणून २०२५च्या तारखेला मका मृगाच्या पहिल्या पावसावर, १० जूनच्या सुमारास पडावा लागत होता. २०२६च्या तारखेला जूनचा शेवट चालतो. दोडका-पडवळाचं पहिलं फळ पंचावन्न-साठ दिवसांनी येतं, पण चाळीस घरांना द्यायचं तर पहिलं फळ उपयोगाचं नाही, भर तोडा हवा. म्हणून आणखी दहा दिवस मागे जायचं. लाल माठ तीस दिवसांचा, तो शेवटी. एकाच दिवशी खायची ही भाजी आम्ही जूनपासून जुलैअखेरपर्यंत, सण उशिरा असला तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत, सहा वेगवेगळ्या तारखांना पेरतो.

वांग्याला तर दोन्ही बाजूंनी बंधन. चातुर्मासात अनेक घरं कांदा-लसणाबरोबर वांगंही खात नाहीत आणि ज्यांच्या घरी खंडोबा आहे त्यांची वांगी चंपाषष्ठीला, भरीत-रोडग्याच्या नैवेद्यानंतर सुरू होतात. जेजुरी आमच्या उशाशीच आहे, हे विसरून चालत नाही. जुलैच्या मध्यावर बी टाकायचं, ऑगस्टच्या शेवटी मांजरी गोटा या जातीची लागण करायची. ऑक्टोबरअखेर थोडी फळं, मार्गशीर्षात भर आणि तीच झाडं भोगीपर्यंत चालतात. जूनमध्ये लागण केली असती तर सगळा भर श्रावणात येऊन पडला असता आणि त्या टोपल्यांतली वांगी घरोघरी न शिजवता राहिली असती.

वर्षातला सगळ्यात अवघड काळ मेअखेर ते जुलैचा मध्य. मेमध्ये विहिरीत पाणी जेमतेम तासभर मोटर चालेल एवढं, एकशे वीसपैकी चाळीस-पन्नास वाफेच ओले. उन्हाळी गवार, काकडी, भेंडी पहिल्या पावसात आटोपतात आणि मृगात पेरलेलं लगेच हाताला लागत नाही. या सात आठवड्यांची तरतूद फेब्रुवारीत करावी लागते. लाल भोपळा आणि कोहळा तेव्हा लावायचा, मेमध्ये देठ वाळला आणि साल नखाने ओरखडेनाशी झाली की दोन इंच देठ ठेवून कापायचा, सावलीत वाळल्या गवतावर एकमेकांना न टेकवता मांडायचा. देठ तुटलेलं किंवा खाली आपटलेलं फळ वेगळं काढून पहिल्या आठवड्यातच द्यायचं, ते टिकत नाही. नीट ठेवलेला भोपळा तीन महिने राहतो. जोडीला साठवलेला कांदा, विहिरीच्या सांडपाण्यावरचं अळू, शेवग्याचा पाला, भिजवून मोड आणलेली मटकी. पाऊस पडल्यावर आठवड्याभरात शेतात जे आपोआप उगवतं तेही: तांदुळजा, घोळ, केना, कुर्डू. ज्याला इतर दिवशी तण म्हणून खुरपतो तेच जूनच्या शेवटी दोन टोपल्या सावरतं. घोळ कशी करायची हे अनेक घरांत माहीत नसतं, म्हणून त्या आठवड्याच्या निरोपात मुगाची डाळ आणि लसणाच्या फोडणीसकट कृती लिहून पाठवतो. पुरंदरचा पावसाळी वाटाणा यायला लागला की या काळातून बाहेर पडलो असं समजायचं.

पैसे आगाऊ का घ्यायचे याचं खरं कारण या सात आठवड्यांत दिसतं. जपानमध्ये १९७० च्या दशकात गृहिणी आणि शेतकऱ्यांनी ‘तेइकेइ’ नावाने हीच पद्धत बसवली आणि १९८६ साली अमेरिकेच्या ईशान्य भागात दोन शेतांवर ती वेगळ्या नावाने सुरू झाली. गाभा दोन्हीकडे एकच: घर किलो विकत घेत नाही, हंगामातला वाटा घेतं. भर हिवाळ्यात टोपली सात किलोंची होते, जूनमध्ये साडेतीनची. सभासदाला हे पहिल्याच दिवशी आकड्यांसकट सांगावं. वर्षभर सरासरी पाच किलो, एवढंच सांगितलं तर जूनमध्ये फोन येतात आणि ते येणं रास्तच आहे.

आमच्याकडे आठवड्यात दोन दिवस टोपली जाते, बुधवारी वीस घरं, शनिवारी वीस. पुष्कळजण सोय म्हणून एकच दिवस ठेवतात आणि तिथे चुकतात. भेंडी, काकडी, गवार आठवडाभर थांबत नाहीत. भेंडी दर दिवसाआड तोडली नाही तर निबर होतेच, शिवाय झाडाला बी धरायला लागलं की नवीन फूल कमी येतं. सोमवारचा तोडा गावच्या बाजारात आणि तोडणीवाल्या बायकांच्या घरी जातो.

शनिवारची टोपली शुक्रवारी दुपारी साडेचारला सुरू होते. आधी जे रात्रभर राहिलं तरी बिघडत नाही ते: कोबी, नवलकोल, बीट, गाजर, दुधी, भोपळा. हिवाळ्यात पालेभाजीही सूर्य मावळायच्या आत उपटतो, कारण पहाटे दवात भिजलेली मेथी गड्डी बांधली की आतून गरम होऊन संध्याकाळपर्यंत पिवळी पडते. उन्हाळ्यात उलटं, पालेभाजी पहाटे साडेपाचलाच. गड्ड्या उभ्या ठेवायच्या, मुळं खाली, वर ओलं गोणपाट. पाणी मुळांना द्यायचं, पानांवर मारायचं नाही.

सकाळी सहाला भेंडी. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा लागतोच, लव अंगाला खाजते. बोटाएवढी, टोक सहज मोडणारी तोडायची. वांगं ओढून न काढता कात्रीने देठासकट कापायचं, ओढलं तर फांदी चिरते आणि तिथून बुरशी शिरते. दुधीला नख लावून बघतात, पण नख लावलेली फळं दुपारपर्यंत तिथे काळी पडतात. लव आणि देठाचा कोवळेपणा बघून ओळखायला शिकवावं. गवार सगळ्यात वेळखाऊ, एका माणसाच्या तासाभरात दोन-अडीच किलो. म्हणून गवार ज्या आठवड्यात भरात असते त्या आठवड्यात एक माणूस जास्तीचा सांगून ठेवतो.

धुवायचं फक्त कंद आणि मुळं. भेंडी, टोमॅटो, वांगी, शेंगा धुवायच्या नाहीत. धुतलेली भेंडी पिशवीत काळी होते. मुळ्याचा पाला ठेवून देतो, गाजराचा दोन बोटं राखून कापतो. पाला तसाच ठेवला तर गाजर संध्याकाळपर्यंत मऊ पडतं. साडेआठला वजन. वीस जागी तोलत बसण्यापेक्षा आधी एकूण माल मोजायचा, घरांनी भागायचा आणि मग वाटा ठरवायचा. भेंडी सहा किलो आणि घरं वीस, तर तीनशे ग्रॅम. साडेचारच आली तर सव्वादोनशे. हा आकडा फळ्यावर लिहायचा म्हणजे भरताना कुणाच्या मनाने कमी-जास्त होत नाही. भरायचा क्रम ठरलेला: तळाशी दुधी, बीट, कोबी, मध्ये वांगी, भेंडी, टोमॅटो कागदी पुड्यात, वर पालेभाजी वर्तमानपत्रात गुंडाळून, सगळ्यात वर मिरची, आलं, लिंबू, कढीपत्ता. प्रत्येक घराच्या दोन पिशव्या, भरलेली देताना रिकामी परत घ्यायची. टेम्पो साडेदहाला निघतो, मार्च ते मे मात्र नऊच्या आत, कारण घाटात टेम्पो तापला की पालेभाजी पुण्यात पोचेपर्यंत मान टाकते.

बिघडतं बरंच आणि बहुतेक वेळा त्याचं मूळ महिनाभर आधी असतं. फ्लॉवरला लिंबाएवढाच गड्डा धरून थांबला तर खत टाकून काही होत नाही. रोप पिशवीत सहा आठवडे पडून जून झालेलं असतं. पंचवीस ते तीस दिवसांचं रोपच लावावं, लागण लांबली तर ते रोप सोडून द्यावं. गाजराला दोन-तीन पाय फुटले तर वाफ्यात कच्चं शेणखत पडलं होतं किंवा खडे होते. गाजराच्या वाफ्याला खत आधीच्या पिकालाच द्यावं आणि गाजर त्यामागून घ्यावं. मुळा आठवडाभर जास्त राहिला की आतून पोकळ आणि तिखट, म्हणून तो एका दमात पेरू नये, तीन तुकड्यांत पेरावा. धने आख्खे पेरून उगवत नाहीत असं म्हणतात, ते अर्धंच खरं; रगडून दोन डाळी कराव्यात, बारा तास भिजवावेत, मग उगवण एकसारखी येते. मार्चनंतर कोथिंबिरीवर पन्नास टक्क्यांची शेडनेट लागतेच.

परतीचा पाऊस मेथीचा सर्वात मोठा शत्रू. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेले वाफे दोन दिवस पाण्यात राहिले की रोपं जमिनीलगत सडून आडवी होतात. गादीवाफा नऊ इंच उंच ठेवला तर निम्मं वाचतं. बाकीच्यासाठी एकतृतीयांश बी हातात राखून ठेवावं आणि वापसा आल्याशिवाय वाफ्यात पाय घालू नये. चिखलात घाईने पेरलं की वर पापुद्रा धरतो आणि तिसऱ्यांदा पेरावं लागतं. वापसा बोटांनी कळतो: मातीचा गोळा वळला आणि हातातून सोडल्यावर फुटला तर पेरा.

किडींमध्ये वांग्याची शेंडे पोखरणारी अळी आणि वेलांवरची फळमाशी या दोघींवर आठवड्याचं वेळापत्रक बांधलेलं आहे. दर सोमवारी वांग्याचे सुकलेले शेंडे बोटभर खालून कापून बादलीत गोळा करायचे आणि जाळायचे. तिथेच टाकले तर अळी मातीत कोषात जाते. एक सोमवार चुकला की दोन आठवड्यांनी किडकी फळं टोपलीतून वेगळी काढावी लागतात. फळमाशीसाठी एकराला पाच-सहा कामगंध सापळे (वासाने नर माशीला ओढणारे), फूल दिसताच लावायचे, आणि डंख बसलेलं, वाकडं झालेलं कारलं, दोडकं वेलावर ठेवायचं नाही, शेताबाहेर खोल पुरायचं. कोबीभोवती मोहरीच्या ओळी असतात, चौकोनी ठिपक्याचा पतंग तिकडे जास्त जातो. मावा-तुडतुड्यांना निंबोळी अर्क: पाच किलो कुटलेली निंबोळी दहा लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी गाळून शंभर लिटर करायचं, थोडा साबणाचा चुरा घालून संध्याकाळी फवारायचं. उन्हात फवारला तर त्याचा जोर उरत नाही. जानेवारीत ढगाळ हवा आली आणि वाटाण्यावर भुरी दिसली की मात्र तोडा लवकर घेऊन वाफा मोकळा करणं हेच परवडतं.

जीवामृत दर पंधरा दिवसांनी: दोनशे लिटर पाणी, दहा किलो ताजं शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत अठ्ठेचाळीस तास, दिवसातून दोनदा काठीने ढवळायचं, आठवड्याच्या आत संपवायचं. ठिबकमधून सोडायचं तर दुहेरी फडक्याने गाळावं. न गाळता सोडलं की ड्रिपर बुजतात आणि ते वाळलेली झाडं दिसेपर्यंत कळत नाही. त्यापेक्षा मग्ग्याने खोडाशी ओतणं सुरक्षित. वाफा मोकळा झाला की चार-पाच घमेली कुजलेलं शेणखत, आणि वर्षातून एकदा आळीपाळीने पाचवा हिस्सा वाफे तागाला द्यायचे. पावसाळ्यात पेरून पंचेचाळिसाव्या दिवशी, फूल दिसायच्या सुमारास, गाडायचा. हे वाफे त्या काळात काही देत नाहीत, म्हणून नियोजनाच्या तक्त्यात ते पहिल्यापासून वजा धरलेले असावेत.

तक्ता म्हणजे एक साधी रेघांची वही. डाव्या पानावर आठवडा आणि त्या टोपलीतले आठ प्रकार: दोन पालेभाज्या, तीन फळभाज्या, एक शेंग किंवा कंद, एक टिकणारी, एक मसाल्याची. उजव्या पानावर त्या प्रत्येकाची पेरणीची तारीख आणि वाफ्याचा क्रमांक. टोपली गेल्यावर त्याच पानावर लाल पेनाने प्रत्यक्ष काय गेलं, किती गेलं आणि पेरणीपासून किती दिवस लागले ते लिहायचं. मेथीचे पंचवीस दिवस आणि बत्तीस दिवस हे कुठल्या पुस्तकातले आकडे नाहीत, या लाल शाईतले आहेत. दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या मातीत ते तीन-चार दिवसांनी बदलतील, म्हणून पहिल्या वर्षी वीस घरांच्या वर जाऊ नये. या घडीला वहीत फेब्रुवारीच्या टोपल्यांची डावी पानं भरलेली आहेत. कांद्याच्या पातीचं रोप पुढच्या सोमवारी वाफा क्रमांक ६४ आणि ६५ वर लावायचं आहे.